गाठीचे वय आणि मुनसफचे वय

अर्जदार : किसन ग्यानबा पोले, धंदा अर्ज लिहिणे, बैठक वसमत येथील तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली, शिक्षण सातवी, हल्ली प्रकृती ठीक.

ज्याच्यावर आळ घेण्यात आला तो : मुनसफ, जात आयरिश टेरियर, रंग तांबडा, केस राठ, उंची माझ्या गुडघ्याएवढी, वय त्या वेळी तीन वर्षांच्या आत.

आळ घेणारे : माझे वडील बंधू सटवाजी ग्यानबा पोले, राहणार हिंगोलीकडच्या गोरेगावजवळील आमचे मूळ गाव, धंदा मेंढ्या व शेती, तसेच वसमतमधील आमची गल्ली.

साक्षीदार : माझी पत्नी कौसाबाई, नांदेडचे सर्जन, वसमतचे जनावरांचे डॉक्टर.

काळ : हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन थोडी वर्षे झाली होती तो.

आळ असा की, सदर कुत्र्याने मला पोटातला आजार दिला. मागितलेली शिक्षा अशी की, त्याला घरातून काढून कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यांपाशी सोडून द्यावे. या दोन्हींना माझा विरोध होता आणि आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि ज्यांना उद्या पोटात गाठ असल्याचे सांगितले जाईल, त्यांनी पुढील हकीकत शेवटपर्यंत वाचावी.

नांदेडच्या सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी माझ्या बरगडीखाली थंडगार चिकट मलम लावले आणि यंत्र फिरवता फिरवता ते एकाच जागी थांबले. बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, "लिव्हरमध्ये मोठी सिस्ट आहे. हायडॅटिड सिस्ट. आत डॉटर सिस्टही दिसतात."

लिव्हर म्हणजे यकृत, मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात ती. सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. हायडॅटिड म्हणजे ती पिशवी एका बारीक जंताने केलेली असते. हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, हाताला, पाण्याला, भाजीला लागतात आणि तोंडावाटे माणसाच्या पोटात जातात. मोठ्या पिशवीच्या आत ज्या लहान पिशव्या तयार होतात, त्यांना डॉटर सिस्ट म्हणतात. हे सर्व मला नंतर समजावून सांगण्यात आले. त्या क्षणी फक्त कुत्रा हा शब्द ऐकू आला.

"घरी कुत्रा आहे?" डॉक्टरांनी विचारले.

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. तेवढ्यात कौसाबाई म्हणाली, "हाय की. यांच्या ताटापाशीच बसतंय."

पुढचा सगळा खटला या एका वाक्यावर उभा राहिला.

आजार अचानक आलेला नव्हता. मांडी घालून, पुढ्यातल्या लाकडी पेटीवर वाकून लिहिण्याचा माझा धंदा. गेले कित्येक महिने वाकलो की उजव्या बरगडीखाली जड वाटे, आत कोणी मूठ दाबून धरल्यासारखे. मी त्याला पित्त ठरविले. सोडा प्यालो, जिरे चावले, गोळ्या घेतल्या. पुढे जेवण कमी झाले आणि कमरेचा करगोटा एकाच बाजूला काचू लागला. अशी बाजू जड वाटली तर पित्ताच्या नावावर दिवस काढू नयेत. पोटाच्या सोनोग्राफीला सुई लागत नाही, दुखत नाही.

घरी आल्यावर कौसाबाईने शेजारणीला सांगितले की, यांच्या पोटात कुत्र्याच्या जंताची गाठ आहे आणि गाठीच्या पोटात तिच्या लेकी आहेत. मी रागावलो तर म्हणाली, "डॉटर म्हंजे लेकच ना? मी काय मनचं सांगितलं का?"

शब्दाचा अर्थ तिने चुकविला नव्हता. परंतु गल्लीने त्या लेकींची पिल्ले केली. कचेरीसमोरच्या चहावाल्यापर्यंत पोचेतो, पोले अर्जनविसाच्या पोटात कुत्री व्याली, असे झाले होते.

"काय पोलेसायब, किती झाली?" चहावाल्याने सर्वांदेखत विचारले. "एखादं आमाला ठुवा राखनीला."

"राखण्याजोगे तुझ्या घरात काही असेल तर तसा अर्ज कर," मी म्हणालो आणि त्याचा चहा बंद केला.

हसण्याचे मला काही नाही. परंतु त्या दिवसापासून पोरे मुनसफला खडे मारू लागली, आणि ते मी सहन करणार नव्हतो.

मुनसफ माझ्याकडे कसा आला ते नोंदविणे जरूर आहे. साखर कारखान्यातील एका अधिकाऱ्यांची बदली दूरच्या राज्यात झाली. त्यांच्या कागदांचे मसुदे मी करीत असे. जाताना त्यांनी हा कुत्रा माझ्या स्वाधीन केला, तेव्हा तो पिल्लूपणातून नुकता बाहेर पडत होता. निजामाच्या राज्यात दिवाणी न्यायाधीशाला मुनसफ म्हणत. समोरचा माणूस बोलत असता मान तिरपी करून ऐकण्याची याची पद्धत पाहून मी ते नाव दिले. कौसाबाई त्याला मुन्या म्हणते.

टेरियर ही उंदीर, घुशी हुडकण्यासाठी वाढविलेली जात. हा मध्यम बांध्याचा, परंतु दम मोठा. सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत पळविले नाही तर तो जमीन उकरतो किंवा चपला फाडतो. हळदीच्या गोदामाच्या बाजूला त्याला सोडले की तासभर घुशीच्या बिळापाशी नाक खुपसून उभा राहतो. मी त्याला घूस मारू देतो, खाऊ देत नाही.

त्याचे खाणे अधिकाऱ्यांच्या पत्नीने नीट सांगितले होते आणि ते मी एका शब्दाने मोडले नाही. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. सकाळी ज्वारीची भाकर पाण्यात मऊ करून, वर उकडलेले अंडे. संध्याकाळी भात, उकडलेला दुधी किंवा गाजर, आणि मटण किंवा कोंबडी असेल तर ती पूर्ण शिजवून, हाड काढून. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण नाही, कारण त्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. शिजलेले हाड नाही, कारण ते फुटून आतड्याला टोचते. जिलेबी, गूळ, चहात बुडवलेली बिस्किटे नाहीत, पाहुणा कितीही मोठा असो. उन्हाळ्यात पाण्याचे घंगाळे सावलीत.

त्याचे केस कातरायचे नसतात. मेलेले केस चिमटीने उपटून काढायचे असतात. कातर लावली की केस मऊ पडतात आणि रंग उतरतो. माझे बंधू एकदा लोकर काढण्याची कातर घेऊनच घरी आले होते. "एवढं दाट अंग उन्हाळ्यात, काहून तकलीफ देऊन राहिला मुक्या जीवाला?" असे म्हणत त्यांनी त्याला दोन पायांत धरलेही होते. मी वेळेवर पोचलो. तेव्हापासून बंधूंचे आणि मुनसफचे फारसे जमत नाही.

निदान झाल्यावर मी मुनसफला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याची विष्ठा तपासली. "काही दिसत नाही," ते म्हणाले. "दिसलं नाही तरी प्राझिक्वांटेल देऊ." प्राझिक्वांटेल म्हणजे चपटे जंत मारणारे औषध. मग त्यांनी मला प्रश्न केला. "हा जंत कुत्र्याला कशानं होतो माहीत आहे? गाठ असलेलं कच्चं काळीज, फुप्फुस खाल्ल्यानं. तुम्ही याला कच्चं घालता?"

"कधीच नाही."

"मग याच्यावर आळ का घेता?"

मी घेत नव्हतो. बाकीचे घेत होते.

गाठीवर आधी औषध झाले. अल्बेंडाझोल नावाच्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागल्या. त्यांनी आतला जंत दुबळा होतो. या गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, मध्ये रक्त तपासावे लागते. ऑपरेशनच्या वेळी पिशवी आत फुटून पाणी सांडले तर शरीर एकदम उसळून जिवावर बेतू शकते, म्हणून एवढी सावधगिरी. त्या काळात मी लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होतो. पोटाला धक्का लागू नये म्हणून पेटी बाजूला ठेवली आणि पुठ्ठ्यावर लिहिले.

नांदेडच्या दवाखान्यात दाखल झालो. रक्त तयार ठेवायला सांगितले. आम्हा दोघा भावांचा रक्तगट एकच निघाला. बंधू गोरेगावहून जीपने हिंगोली आणि तिथून एसटीने आले. पटका न सोडता खाटेच्या पायथ्याशी बसले.

"किसन, रगत द्यायला माझी ना न्हाई. पर आधी ते कुत्रं घराभाईर काढतो म्हन."

"दादा, त्याचा गुन्हा काय?"

"पोटात पिल्लं घातली तुझ्या, आन वर गुन्हा इचारतो? काहून एवढा जीव लावून राहिला त्या लाल बोकडाला?"

"तुमच्या मेंढ्यांच्या वाड्यावर कुत्री नाहीत?"

"ती मेंढरांमागची. चटईवर न्हाई बसत. तुझं सायबाचं कुत्रं, अंडं खातंय. अंडं! आमच्या लेकरायला दिसत न्हाई."

शेजारच्या खाटेवरचा रोगी कुशीवर वळून ऐकू लागला. कौसाबाई मध्ये पडली. "भाऊजी, उद्याच्याला पोट फाडनार हायत यांचं. आज नका भांडू."

"मी भांडत न्हाई बाई. भाऊ पाह्यजे का कुत्रं, तेवढं सांगू दे त्याला."

मी उठून बसलो. "निरपराध्याला शिक्षा देऊन मिळणारे रक्त मला नको," मी म्हणालो. "दादा, तुम्ही परत जा."

"अवो, येड लागलं का तुमाला?" कौसाबाईने कपाळावर हात मारला. "रगताबिगर कापतेत का कुनी? मुन्याला मी माह्या भावाकडं ठिवते, थोडे दिस..."

"एक दिवसही नाही. काढले म्हणजे गुन्हा कबूल केला."

ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. बंधू उठून चप्पल शोधू लागले. तेवढ्यात सर्जन तपासणीच्या फेरीला आले. काय चालले आहे ते मी त्यांना थोडक्यात सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या पोटाच्या स्कॅनचा फोटो उजेडापुढे धरला.

"कुत्रा किती वर्षांचा?"

"तीनच्या आत."

"गाठीची ही कड पाहा. हिला चुना धरलाय. एवढी मोठी, अशा कडेची गाठ दोन-तीन वर्षांत होत नाही. ही जुनी आहे. लहानपणची असू शकते. लहानपणी कुठं होतात?"

"मेंढ्यांच्या वाड्यावर. आम्ही दोघेही."

सर्जन बंधूंकडे वळले. "मेंढी कापल्यावर काळजात पाण्याचे फुगे दिसतात कधी?"

"लई येळा," बंधू म्हणाले. या बाबतीत त्यांना दोनदा विचारावे लागत नाही. "पानफुगे म्हनतो आमी. ते वंगाळ असतंय. मान्सानं खायाचं न्हाई. तेवढं कापून कुत्र्यायला टाकतो."

"पहिल्यापासून?"

"बापापासून."

सर्जनांनी फोटो खाली ठेवला. "तीच ही गाठ," ते म्हणाले. "मेंढीतून कुत्र्यात, कुत्र्यातून माणसात. ते फुगे कुत्र्याला घालायचे नाहीत. खोल पुरायचे किंवा जाळायचे. आणि तुम्हीही एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या."

"दादा, ऐकलेत?" मी म्हणालो. "आरोपी तेव्हा जन्मलाच नव्हता."

बंधूंनी माझ्याकडे पाहिले नाही. "मला काय धाड भरली? मी बराबर हाय," ते सर्जनला म्हणाले आणि सदऱ्याची बाही वर सारली. "रगत कुठं द्याचं ते दाखवा."

रक्त देऊन ते परत आले, कौसाबाईला म्हणाले, "कुत्र्याला आंघूळ घालत जा," आणि एसटी स्टँडकडे निघून गेले.

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आलो तेव्हा पोटातून एक नळी बाहेर काढलेली होती आणि घसा कोरडा पडला होता. सर्जन म्हणाले, "पूर्ण निघाली. गोळ्या पुढेही घ्यायच्या." कौसाबाईने विचारले, "आन लेकी?" ते म्हणाले, "त्याही." तेव्हा ती प्रथमच हसली. सर्जनचे, परिचारिकांचे आणि जनावरांच्या डॉक्टरांचे मी ऋण मान्य करतो. कौसाबाई माझ्याशी भांडली, तरी मी दवाखान्यात असेपर्यंत मुनसफचे अंडे तिने आपल्या भावाला आमच्या घरी ठेवून चुकू दिले नाही.

मुनसफ घरीच आहे. टाके ओले असेपर्यंत त्याला अंगावर उडी मारू दिली नाही, साखळीने खाटेला बांधला. ठरल्या मुदतीने त्याला जंताचे औषध दिले जाते. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच आम्ही जेवतो. पालेभाजी दोन पाण्यांतून काढतो. एवढे केले तर कुत्रा पाळण्यात भय नाही. एवढे न करता कुत्र्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बंधू मात्र त्यानंतर आमच्या घराची पायरी चढलेले नाहीत. गावात ते आजही सांगतात की, किसनला सायबाच्या कुत्र्याने खाल्ले असते, मी रक्त दिले म्हणून वाचला. दुसरा भाग खरा आहे आणि तो मी जन्मभर मान्य करीन. पहिला भाग ते का सोडत नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुनसफ निर्दोष ठरला तर गाठ वाड्यावरून आली असे ठरते. त्या वाड्यावर एका ताटात आम्ही दोघे जेवलो, त्याच कुत्र्यांना उशाशी घेऊन निजलो. मी सोळाव्या वर्षी उठून आलो. ते अजून तिथेच आहेत. गेल्या दिवाळीला कौसाबाई त्यांना भेटून आली. म्हणाली, "भाऊजी बसताना उजवीकडं हात धरतेत."

सबब विनंती की,

गल्लीने व चहावाल्याने मुनसफवरील आळ मागे घ्यावा आणि पोरांना खडे मारण्यापासून आवरावे. मूळ गावच्या ग्रामपंचायतीने मेंढ्या-बकऱ्या कापल्यावर निघणारे पानफुगे कुत्र्यांपुढे न टाकता पुरण्याची ताकीद द्यावी, व वाड्यांवरील सर्व कुत्र्यांना जंताचे औषध देववावे.

माझे वडील बंधू सटवाजी ग्यानबा पोले यांना वाटल्यास त्यांनी मुनसफला दोषी मानावे. मी माझी हरकत काढून घेतो. त्यांच्या देखत त्याचे नावही काढणार नाही. परंतु त्यांनी एकवार नांदेडला येऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. उत्तर लेखी नसले तरी चालेल. कोणत्या वारी निघणार तेवढे कोणाजवळही सांगून पाठवावे. हिंगोलीच्या स्टँडवर मी आधी येऊन उभा राहीन.

अर्जदार,
किसन ग्यानबा पोले