खालच्या वस्तीचे सात दिवस

एलिझाबेथ उजगरे मॅडमला हसताना बघायचं तर नशीब लागतं. नगरच्या एका नर्सिंग कॉलेजात त्या संशोधन शिकवतात आणि मी, काकासाहेब, बारा वर्षं त्याच कॉलेजची गाडी चालवतोय. पोरी गावोगाव माहिती गोळा करायला निघाल्या की स्टिअरिंग माझ्या हातात आणि मागच्या सीटवर मॅडमचा तास. ऐकून ऐकून मलाबी पाठ झालंय. गृहीतक म्हंजे आधी बांधलेला अंदाज. नमुना म्हंजे सगळं गाव न विचारता निवडलेली माणसं. शितावरून भाताची परीक्षा, पण शितं पातेल्याच्या तळातनंबी घ्यायची, निस्ती वरवरची न्हाई.

बाईंना चीड एकाच गोष्टीची, खोट्या आकड्याची. एका साली एका पोरीनं पारावर बसून तीस फॉर्म स्वतःच भरले. एकच पेन, एकच वळण. मॅडमनं ओळखलं आणि पोरीचं वर्ष गेलं. तिचा बाप येऊन पाया पडला, तरी बाई हलल्या न्हाईत. मला त्या दिवशी त्यांचा लई राग आला हुता, खोटं कशाला बोलू.

गेल्या साली अकोले तालुक्यातली निकिता वाकचौरे शेवटच्या वर्षाला हुती. जुलाब लागलेल्या लेकराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यावं, हे आयांना किती ठाऊक हाय, हा तिचा विषय. सोनईच्या बाजूला दोन वस्त्या घेतल्या, वरची आणि खालची, तीस-तीस आया. आधी दोन्हीकडं प्रश्न विचारले. मंग वरच्या वस्तीला शिकवायचं, खालच्या वस्तीला काहीच सांगायचं न्हाई, आणि सात दिवसांनी दोन्हीकडं पुन्हा तेच प्रश्न. खालच्या वस्तीला म्हणायचं नियंत्रित गट. शिकवण्यानं फरक पडला का, ते त्यांच्याशी ताडून कळतं. त्यांनाबी शिकवतात, पण सात दिवसांनंतर. तवर तोंडाला कुलूप.

शिकवायच्या दिवशी पोरी वर गेल्या आणि मी गाडी खालच्या वस्तीवर लिंबाखाली लावली. तिथं गोजरबाई नातवाला काखेत घेऊन आली. पोराला सकाळपास्नं सहा वेळा झालेलं, डोळे खोल गेलेले. म्हणाली, तुमी दवाखान्याच्या गाडीवाले, काहीतरी सांगा की. आता मी काय नियंत्रित गट बघत बसू? सांगून टाकलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजायचं. पोरींचं उरलेलं पत्रकबी दिलं आणि आजी-नातवाला तिच्या लेकाच्या मोटरसायकलवर बसवून सोनईच्या दवाखान्यात धाडलं. मॅडमला मात्र बोललो न्हाई. त्यात काय सांगायचं, असं वाटलं.

पण गोजरबाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. सात दिवसांनी वरच्या वस्तीचे मार्क वाढले आणि खालच्या वस्तीचेबी तेवढेच वाढले.

मॅडमनं निकिताला बोलावलं तवा मी गाडीची किल्ली ठेवायला दारात हुतो. टेबलावर फॉर्म पसरलेले. कुठं बसून भरलेस, असं त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, घरोघरी गेले, मॅडम, शप्पथ. बाई म्हणाल्या, न शिकवता तीस बायका हुशार होत न्हाईत, प्रकल्प नामंजूर, पुढच्या वर्षी बस. निकिताचं तोंड पांढरं पडलं. मला ती पारावरची पोरगी आठवली. माझी नोकरी कंत्राटी, गप बसलो असतो तरी चाललं असतं.

"मॅडम, खालच्या वस्तीला मी शिकवलं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी आधी विचारलं, "ते मूल कसं आहे?"

बरं हाय म्हणालो. मंग जो पट्टा सुटला! त्याच दिवशी बोलला असतात तर तिसरी वस्ती घेता आली असती, पोरीचे सात दिवस वाया गेले नसते. खरंच हुतं. मान खाली घालून ऐकलं.

तरी माझ्या शब्दावर त्या थांबल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी गाडी काढायला लावली आणि खालच्या वस्तीवर आठ घरं स्वतः फिरल्या. आठी घरांत गोजरबाईचंच नाव. नातू अंगणात कोंबडीमागं पळत हुता. त्याला त्यांनी बराच वेळ बघितलं.

परतीला मॅडम माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. घोडेगाव मागं पडलं. मंग म्हणाल्या, "काकासाहेब, इतकी वर्षं मी खालच्या वस्त्यांना सात-सात दिवस थांबायला लावलं. त्या सात दिवसांत कुणाचं मूल आजारी पडलं का, हे एकदाही विचारलं नाही." मला वाईट वाटलं. गाडी हळू घेतली.

निकितानं घडलं ते जसंच्या तसं प्रकल्पाच्या 'मर्यादा' या प्रकरणात लिहिलं, त्यात 'वाहनचालक' म्हणून मीबी हाय. बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा तास उलटंपालटं विचारलं आणि पास केलं.

यंदाच्या पोरींच्या फॉर्मवर मॅडमनं सगळ्यात वर एक प्रश्न टाकलाय, दोन्ही वस्त्यांसाठी: आज घरात कुणी आजारी आहे का? उत्तर 'हो' आलं, तर फॉर्म तिथंच मिटायचा आणि मला हाक मारायची.