मंगळवारचं बाकडं

चूक माझीच होती. वरून तसा काही आदेश नव्हता. कुरखेड्याकडच्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आहे, तिथे मनाच्या आजारांवरही उपचार करायचे ठरले, तेव्हा त्या रुग्णांसाठी मी वेगळं बाकडं टाकलं. व्हरांड्यात, रस्त्याच्या बाजूला, वारा येतो म्हणून. वारही मीच निवडला. मंगळवारी समोरच बाजार भरतो. लांबच्या गावचे लोक येतातच, एका फेरीत दोन कामं होतील. प्रशिक्षणाहून नुकताच परतलो होतो आणि स्वतःवर खूश होतो.

पहिल्या काही जणांत जवळच्या गावची एक बाई होती. दुसरं बाळ पोटातच गेल्यापासून तिला झोप नव्हती. हातापायांची आग होते, एवढंच ती आधी सांगायची, आणि मी ताकदीच्या गोळ्या देऊन परत पाठवायचो. आता नीट विचारलं, तेव्हा म्हणाली की चुलीपुढे बसलं की उठावंसं वाटत नाही, लेकीनं हाक मारली तरी ऐकू येत नाही. औषध सुरू केलं. पावसाळा लागेपर्यंत ती झोपू लागली, लेकीची वेणी घालू लागली. भूक लागते आता, असं एकदा हसून म्हणालीही.

मग ती यायची थांबली. मी समजलो, बरी झाली. जो येत नाही तो बरा झाला, असं धरण्याची आम्हाला सवय आहे.

दिवाळीनंतर तिचा नवरा मुलीला ताप आला म्हणून घेऊन आला. मुलीचे केस कुणी विंचरलेले नव्हते. हिची आई कुठे, मी विचारलं. मुलीकडेच पाहत तो म्हणाला,

"बजारातून सगळ्याईनं पाह्यलं न जी तिले, तुमच्या बाकड्यावर. तवापासून गावात मंगळवारवालीच म्हणते. धान रोवण्याच्या वक्ती एक बाई तिच्या बाजूले उभी राहे नाई. मायनं म्हटलं, पोचवून दे."

त्यानं तिला चिमूरकडे माहेरी पोचवलं होतं. मुलगी इथेच ठेवून घेतली होती. वेडीजवळ लेकरू कसं ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. गोळ्या तर तिनं त्याआधीच, त्या नावाच्या धास्तीनं, सोडल्या होत्या.

बाकडं मी त्याच दिवशी उचललं. आता सगळे एकाच रांगेत बसतात, वार कोणताही असो. पण तिच्यासाठी ते फार उशिरा झालं होतं.

एक गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. वडील गेल्यावर वर्षभर मीही याच गोळ्या खाल्ल्या होत्या. नागपूरहून आणायचो आणि साध्या डबीत ठेवायचो, केंद्रातल्या कुणाला कळू नये म्हणून. स्वतःसाठी नागपूर, आणि तिच्यासाठी भर बाजारातलं बाकडं.

मी तिच्या माहेरी गेलो. ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. खूप वाळली होती. मी माफी मागितली, तरी नजर सुपातून वर आली नाही. पोरगी जेवते का, एवढंच तिनं विचारलं. ताप उतरलाय, मी म्हणालो. मग ती म्हणाली,

"इथी काऊन सांगता, साहेब? इथी मले कोण येडी म्हणते? मी बरी झाली होती, ते तिथी सांगा."

तिच्या सासरी धानाची मळणी चालली होती. खळ्यावर नवरा होता, सासू होती, रोवण्यात तिला टाळणाऱ्या बाया होत्या. मुलगी मळून झालेल्या धानाच्या तणसाच्या ढिगावर बसली होती. मी चप्पल काढून खळ्यात गेलो. साहेबाले पाणी द्या, कुणीतरी म्हणालं. मी नको म्हणालो आणि सासूसमोर हात जोडले.

"बाई, तुमची सून बरी झाली होती. तिला सगळ्यांपासून वेगळं मी बसवलं. तीच गोळी मीही वर्षभर खाल्ली आहे, नागपूरहून लपवून आणून. मला कुणी घराबाहेर काढलं नाही, कारण मी त्या बाकड्यावर बसलो नव्हतो. चूक माझी होती, शिक्षा तिला झाली. मला माफ करा."