चुलीवरचे काळे कवेलू

नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. भरलेली घरं रिकामी झालेली पाहिली, बैल गेलेले पाहिले, देवळातली घंटासुद्धा गेलेली पाहिली. पण चोरानं जुनं नेलं आणि त्या जागी नवं कोरं ठेवलं, अशी तक्रार माझ्याकडं एकदाच आली. त्या तक्रारीची आठवण आली की अजून मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी पवनी तालुक्यात फौजदार होतो. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी गावांत शिरलं होतं आणि मातीची घरं बसली होती. कुणाची भिंत गेली, कुणाचं छप्पर. सरकारनं घरदुरुस्तीसाठी अनुदान जाहीर केलं होतं आणि पंचायत समितीची माणसं गावोगाव पाहणी करत फिरत होती. आमच्या ठाण्यात मात्र या दिवसांत काम कमी असायचं. माणूस घर सावरण्यात गुंतला की भांडायला त्याला फुरसत नसते.

सकाळची हजेरी आटोपली होती. शिपाई व्हरांड्यात रायफली पुसत बसले होते. तेवढ्यात पन्नाशीच्या घरातली एक बाई आली. कोंढ्याच्या पुढच्या एका गावातली ती विधवा. नाव सांगत नाही. आमचे हवालदार त्याच भागातले. त्यांनी विचारपूस केली आणि हसतच माझ्याकडं आले.

"साहेब, हे बाई म्हणते का माह्या घरावर दिरानं नवे कवेलू टाकले. आता याची तक्रार कोणत्या कलमात लिहू?"

कवेलू म्हणजे छपरावरची कौलं. मी तिला आत बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही. पदर सावरून उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात बोलली.

"पोळ्याले भावाकडे गेल्ती जी. वापस आली तं चुलीवरचे माहे जुने कवेलू गायब. अन् त्या जागी लाल नवे. दीर म्हणते, गळत होतं म्हणून मीच बदलवले. सारं गाव म्हणते, दीर असावा तं असा."

"मग तक्रार कसली?"

"थो देणारा माणूस नाही साहेब. नवरा मेल्यापासून सुपभर तांदूळ नाही देल्ले त्यानं. भिंतीला भिंत लागून घर आहे, पन उपाशी आहे का मेली, पाहाले आला नाही. आता त्यानं देल्लं म्हणजे काही तरी नेलं आहे. काय नेलं थे मले समजून नाही राहिलं. तुमी पोलीस होय, तुमी पाहा."

हवालदारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मला मात्र हसू आलं नाही. चोरी झाली म्हणून सांगणारे रोज यायचे. काय चोरीला गेलं तेच शोधा म्हणणारी ही पहिलीच. मी अर्ज लिहून घेतला, चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुपारी सायकल काढली. हवालदार कुरकुरत मागं आले.

घर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं स्वयंपाकाची. मूळ घर दोघा भावांचं, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. मी मूळचा देशावरचा, आमच्याकडं धाब्याची घरं. त्यामुळं कवेलूचं छप्पर मला नवलाचंच वाटायचं. चुलीवरच्या छपरावर खरोखरच लालभडक नवे कवेलू होते. पण पुढच्या खोलीत उभा राहिलो तर डोक्यावर आभाळ दिसत होतं. वानरांनी नाचून कवेलू फोडले होते आणि पुरानं एका कोपऱ्याची भिंतही ओली होऊन खचली होती. बाईनं गळतीखाली गंज, म्हणजे पातेलं, मांडून ठेवला होता.

इथं मी थबकलो. ज्याला भावजयीची दया आली, त्यानं गळती खोली सोडून धड स्वयंपाकघराचं छप्पर का बदललं? बाईला विचारलं, चुलीवर गळत होतं का. ती म्हणाली, "थेंब नाही जी. धुरानं कवेलू असे घट्ट बसले होते का पाणी जाईन कुठून?"

मी वर पाहिलं. कवेलू लाल होते, पण त्यांच्या खालचे बांबू काळेकुट्ट, वर्षानुवर्षांच्या काजळीनं चकाकणारे. पाहून ठेवलं, एवढंच. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

दिराला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. कपाळाला बुक्का, धुतलेला सदरा, बोलणं साखरेत घोळवलेलं. सराईत माणूस ठाण्यात कमी बोलतो. ज्याला भला दिसायची घाई असते, तो न विचारलेलंही सांगतो. यानं चहा येण्याआधीच मोठ्या भावाच्या आठवणी काढून डोळे पुसले.

"वयनी म्हणजे माय होय साहेब. तिच्यासाठी पदरचे कवेलू टाकले, तं उलटी माह्यावरच तक्रार. आता का म्हनाव?"

"जुने कवेलू कुठं आहेत?"

"फुटले जी सारे. नाल्यात फेकले."

"सगळेच फुटले?"

"सारेच जी. एकही नाही वाचला."

कवेलू उतरवणाऱ्याचा एकही कवेलू वाचू नये, म्हणजे तो हातोडा घेऊनच वर चढला असला पाहिजे. पण हे बोलून दाखवलं नाही. जबाबावर अंगठा घेतला आणि जाऊ दिलं. नाल्यात हवालदारांना पाठवलं, तर तिथं खापरीचा तुकडाही सापडला नाही. तेव्हा कुठं हवालदारांचं हसणं थांबलं.

उत्तर मिळालं ते अगदी अनपेक्षित माणसाकडून. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी बंदोबस्त मागायला आले होते. उद्या त्याच गावात पाहणी होती आणि अनुदानावरून भांडणं होण्याची त्यांना भीती होती. मी सहज विचारलं, अनुदान घरामागं की माणसामागं?

"चुलीमागं," ते म्हणाले. "एका घरात तीन भाऊ असले आणि तिघांच्या चुली वेगळ्या असल्या, तर तीन कुटुंबं. लोकही हुशार. आम्ही येणार कळलं की रातोरात कोपऱ्याकोपऱ्यात चुली उभ्या राहतात."

"मग खरी कोणती, खोटी कोणती, कसं ओळखता?"

ते हसले. "वर पाहतो. छप्पर काळं असलं तर चूल जुनी."

मी टोपी उचलली आणि त्यांना चहा अर्धा टाकून उठायला लावलं. बाईचं काय चोरीला गेलं होतं ते मला कळलं होतं. तिची काजळी चोरीला गेली होती. आता उद्या पाहणीवाले आले की तिच्या लाल छपराखाली उभे राहून म्हणणार, ही चूल कालची, बाई दिराच्याच कुटुंबातली. तिला अनुदान नाही, आणि वेगळी राहत असल्याची नोंदही नाही. मग उरलेलं अर्धं घर दिराच्या घशात जायला कितीसा वेळ?

हवालदारांना घेऊन आम्ही थेट गाव गाठलं. दिराच्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पूर्वीचा गुरांचा कोठा होता. तो शेणानं सारवून खोली केली होती. एका कोपऱ्यात चूल, आणि वर काळेशार कवेलू. दीर पुढं होऊन सांगू लागला, "हे धाकट्या लेकाचं बिऱ्हाड. दोन वरसापासून वेगळं रांधतेत."

मी मान वर करून पाहत राहिलो. कवेलू काळे, पण त्यांच्या खालचे बांबू पिवळेधमक. धूर आधी बांबूला लागतो, मग कवेलूला. इथं बांबूला वगळून धूर वर पोचला होता.

"बांबू सडले होते जी, या उन्हाळ्यात बदलवले," त्यानं लगेच सांगितलं. बोलायला माणूस चलाख. आणि कोर्टात हे उत्तर चाललंही असतं.

मी बाजेवर बसलो. "बरं. उन्हातून आलोय. सूनबाईंना म्हणावं, इथल्याच चुलीवर चहा ठेवा."

त्याला नाही म्हणता येईना. सून आली. वीस-एक वर्षांची, डोक्यावरून पदर, साधी पोर. तिनं काड्या आणल्या, गंज आणला, पाणी भरलं. मग काही तरी आठवल्यासारखी मोठ्या घरात गेली आणि परत आली ती हळद-कुंकवाची वाटी घेऊन. चुलीला पाच बोटं लावली, चिमूटभर तांदूळ वाहिले, हात जोडले आणि मग काडी ओढली.

विस्तार अधिकारी माझ्याकडं पाहू लागले. हवालदारांनीच मायेनं विचारलं, "काहून पोरी, आज कायची पूजा?"

"नवी चूल होय ना जी. पयल्यांदा पेटवाची म्हणजे..." आणि तिची नजर सासऱ्याकडं गेली.

सासऱ्याचा चेहरा उतरला. गावातल्या कुठल्याही चांगल्या घरच्या लेकीनं जे केलं असतं तेच तिनं केलं होतं. सारं काही शिकवून ठेवलं असेल त्यानं, पण संस्कार पुसायला तो विसरला. तो खाली बसला आणि हात जोडले. "चुकलं साहेब. पोरायच्या हिताकरता केलं."

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की या पोरीला एक शब्द जरी बोललात तर मी पुन्हा येईन, आणि तेव्हा चहा प्यायला येणार नाही. मग बाईला बोलावलं. गुन्हा नोंदवायचा तर चोरीचं कलम लागत होतं. मालाची किंमत किती, याला कायद्यात महत्त्व नाही. मी तिला तसं समजावून सांगितलं.

ती बराच वेळ वर पाहत राहिली. आपलं काय गेलं होतं ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

"जेलात टाकून मले काय भेटन जी? यानं काढले, यानंच लावाव."

त्याच संध्याकाळी दीर शिडी लावून तिच्या छपरावर चढला. ती खालून एकेक काळा कवेलू निरखून त्याच्या हातात देत होती. एक तिनं बाजूला ठेवला. "हा माहा नाही. हा उजरा आहे, माहे याच्याहून काळे." उतरवलेले लाल कवेलू त्यानं गोळा करायला घेतले, तेव्हा मात्र तिनं हात आडवा धरला आणि पुढच्या गळक्या खोलीकडं बोट दाखवलं. हे कुठल्या कलमात बसतं, मला माहीत नव्हतं. मी हवालदारांशी हवापाण्याच्या गोष्टी करू लागलो. दिराला पुढचंही छप्पर शाकारावं लागलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. तक्रारदाराला आपलं काय गेलं ते सांगता येईलच असं नाही. पुष्कळदा त्याला फक्त एवढंच कळतं, की काही तरी गेलं आहे. आपण हसून त्याला परत पाठवलं, तर ते कायमचं जातं. पुढं ठाण्यात कुणी वेड्यासारखी तक्रार घेऊन आलं, की मी शिपायांना आधी त्याला पाणी द्यायला सांगायचो. त्यातल्या निम्म्या तक्रारी खरंच वेडेपणाच्या निघाल्या, हेही खरं. पण उरलेल्या निम्म्यांसाठी ते पाणी वाया गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताच्या निमित्तानं मी गावात होतो. पाहणीवाले बाईच्या घरात शिरले. विस्तार अधिकाऱ्यांनी वर पाहिलं, बांबू काळे, कवेलू काळे. खचलेली भिंत मोजली. कारकुनानं पेन उघडलं आणि विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?"

दारात दीर उभा होता. सवयीनं सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. त्यानंही सवयीनं तोंड उघडलं.

"तिकडं कायले पाहून राहिले जी?" आतून बाई म्हणाली. "चूल इकडं आहे. मी आहो."