नानांची जीभ

सांगलीहून साताऱ्याला निघालं की घरून कंदी पेढ्यांची फर्माईश असे. परतीला सातारकर भडंग सांगत. चाळीसच्या दशकात माझ्या या खेपा नोकरीमुळे नेहमीच्या होत्या. पेढे मी एकाच दुकानातून घेत असे.

तिथे एक रिवाज होता. खवा तांबूस परतला, साखर पडली की मालकाचे चुलते त्यातली चिमूट गिऱ्हाइकांसमोर तोंडात टाकत आणि म्हणत, "बेताची हाय. उतरा." त्याशिवाय कढई उतरत नसे. लोक ते ऐकायला थांबत. म्हाताऱ्याला सगळे नाना म्हणत. बायको गेलेली, मूल नाही; कढईजवळची ती जागा एवढंच त्यांचं होतं.

विषमज्वरात नानांची चव गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ठरल्या मापाने साखर घालत, त्यामुळे निभावलं. मग लढाईत साखर रेशनवर गेली. मिळेल तेवढ्या साखरेत गूळ मिसळून गोडी जिभेवर जुळवावी लागे. एक घाणा फिका निघाला, दुसरा इतका गोड की तोंडात धरवेना. पुतण्याला संशय आला.

त्या दिवशी मी दुकानात होतो. पुतण्याने नुसत्या खव्याचा गोळा पुढे केला.

"नाना, चाखा."

नानांनी डोळे मिटून चघळला. "बेताची हाय. उतरा."

पुतण्याने दुसरा तुकडा रजेवर आलेल्या शिपायाला दिला. तो थुंकला. "आरं गड्या, ह्यात साखरच न्हाई!"

"घातलीच न्हाई," पुतण्या म्हणाला.

दुकान हसलं. एकजण म्हणाला, "आवं, नानास्नी शेण दिलं तरी गोड लागंल."

"लय दिस फसवलंसा," पुतण्या म्हणाला. "उद्यापास्नं म्होरं बसा, माशा हाका. त्याला जीभ लागत न्हाई."

नानांनी हात धुतले.

पुढच्या खेपेला ते पायरीवर पंखा घेऊन बसले होते. चाखण्याचं काम पुतण्या करत होता. पेढे पूर्वीसारखेच होते. गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. उलट एक नवा रिवाज पडला होता. जाताना जो तो नानांपुढे काहीतरी धरी, पेढा, खडू, कधी साबणाचा तुकडा, आणि विचारी, "नाना, कसं हाय?"

सुरुवातीला ते तोंडात घेऊन बघत. नंतर हात पुढे आला की त्यात काय आहे ते न बघताच म्हणत, "बेताची हाय. उतरा."