मोटारीचं गोमुख

माझे वडील, आप्पा, त्यांच्या वायरिंगच्या दुकानात कुंभकोणमभरच्या लॉऱ्यांचे दिवे पेटवायचे आणि आमच्या खोलीत बल्ब एकच. त्याची वायर लांब होती. आई रांधायला बसली की तो चुलीकडे, मी पुस्तक उघडलं की माझ्याकडे. दोन्ही एकदम आलं तर भात अंधारात शिजायचा. त्या बल्बवर मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. घराण्यातली पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

धाकट्या बहिणीचं कॉलेज मात्र अडलं. आप्पा म्हणाले, "आधी तुझ्या शिक्षणाचा उजेड पडू दे. ती लाल गाडी नीट कर, मग तिचं बघू."

लाल गाडी जवळच्याच नाचियारकोविल गावातल्या एका पितळी समयांच्या व्यापाऱ्याची. जुनी, उघडणाऱ्या टपाची स्पोर्ट्स कार. ब्रेक दाबला की हॉर्न वाजे, डावीकडे वळवली की वायपर नाचत. फ्यूज बॉक्समध्ये पाणी. मी सगळं वाळवलं, आतला पिवळा थर गंज समजून खरवडला आणि गाडी धाडली. शनिवारी ती ट्रॅक्टरला बांधून परत आली. मी टपाचं रबर बदललं. पुढच्या शनिवारी पुन्हा ट्रॅक्टर.

"पाऊस नाही आणि गाडी ओली," आप्पा म्हणाले. "कॉलेजात ढग सोडायला शिकवलं काय?"

तिसऱ्या शनिवारी माझ्यासमोर फ्यूज जळाला आणि धुराला सांबाराचा वास आला. पिवळा थर नखाने उकरून हुंगला. गंज कसला, हळद होती.

मी गाडी दुरुस्त करून दिली आणि शुक्रवारी सकाळीच बस धरून नाचियारकोविलला गेले. अंगणात गाडी, टप उघडा, आणि व्यापाऱ्याची म्हातारी आई घागरीने हळदीचं पाणी डॅशबोर्डवर ओतत होती. अभिषेक. दर शुक्रवारी.

"पाट्टी, अहो आजी, निदान टप तरी लावा!"

"देवाला टोपी घालून न्हाऊ घालतात का गं?"

"आत विजेच्या तारा आहेत."

"मग त्यांनाही पुण्य लागेल."

व्यापारी खांबाआडून मला हात जोडत होता. आईला थांबवणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. माझ्याच्यानेही नाही. मग पाणीच वळवायचं ठरवलं. त्याच्याच कारागिरांकडून पितळेचं उथळ ताट ओतून घेतलं, एका टोकाला गोमुख. रबराच्या तुकड्यांवर ते फ्यूज बॉक्सच्या वर बसवलं आणि गोमुखाला नळी जोडून ती गाडीच्या तळातून खाली काढली.

पुढच्या शुक्रवारी घागर रिकामी झाली. पाणी नळीतून खाली आलं. म्हातारीने खाली वाकून तांब्या धरला आणि पळीभर तीर्थ माझ्या हातावर घातलं. मी ते घेतलं. ग्रीसची चव होती. व्यापाऱ्याने ब्रेक दाबला तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. हॉर्न वाजला नाही.

शनिवारी आप्पा दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसले. ट्रॅक्टर आला नाही. दुकान बंद करताना म्हणाले, "धाकटीचा फॉर्म कुठे मिळतो?"

यंदा ती बी.एस्सी. झाली. आमच्या घरात आता दोघी पदवीधर आहोत.