घरचाच तर ओव्हन आहे

राग आला आणि त्या वेळी बोलता आलं नाही, की त्याचा किस्सा होतो. माझ्याकडं असे किस्से इतके साठलेत की भिशीला मैत्रिणी चहाच्या आधी मलाच विचारतात, "शुभांगी, ओव्हनचं नवीन काय?" त्या पोट धरून हसतात. मी हसत नाही, मी अजून त्याच रागात आहे. वेळ गेली की राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आपली हौसेची वस्तू घरातल्या माणसांच्या हाती देऊन बघावी.

मी लातूरला राहते, माहेर नांदेडचं. घरात सासूबाई, नवरा शिवराज, पाच वर्षांची गौरी आणि आता तिचा भाऊ. शिवराजचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गौरी झाली तेव्हा माझी शाळेतली नोकरी सुटली, मग शिकवण्या घेऊन घेऊन मी एक मोठा ओव्हन घेतला आणि घरून केकच्या ऑर्डरी सुरू केल्या. आमच्या घरात भांडी सासूबाईंची, टीव्ही शिवराजचा, फ्रिज लग्नात आलेला. ओव्हन तेवढा माझा. निदान माझा तसा समज होता.

*

आमच्या घरात अंडं चालत नाही. सासूबाईंची लिंगपूजा झाल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथं अंड्याचं नाव कोण काढणार? मी पहिल्या दिवशीच सांगितलं, सगळे केक बिनअंड्याचे होतील. त्या "बरं" म्हणाल्या आणि रोज सकाळी कचऱ्याची बादली तपासायला लागल्या.

बादलीत टरफल काही सापडेना. तरी संशय जाईना, कारण केक फुगायचा. "अंड्याबिगर एवढं फुगतंय कसं?" हा त्यांचा प्रश्न. मी दही दाखवलं, सोडा दाखवला, समोर उभं करून मिसळून दाखवलं. केक जितका चांगला व्हायचा तितका माझ्यावरचा विश्वास कमी व्हायचा. शेजारच्या बायका ताटलीभर खाऊन जायच्या आणि जिन्यात कुजबुजायच्या, "कायतरी घालत असंल बघा."

एक दिवस केक अर्धा झालेला असताना लाइट गेली. दोन तासांनी आली तोवर केकची पार भाकरी झाली होती. मी रडकुंडीला आले, ऑर्डर हातची गेली. सासूबाईंनी तो दगड कापला, एक तुकडा तोंडात टाकला, शेजारणींना हाका मारून बोलावलं आणि सगळ्यांना वाटत म्हणाल्या, "हे बगा, ह्यो खरा बिनअंड्याचा."

*

दुसरा किस्सा शिवराजचा. हा किस्सा ते स्वतः दुकानात सांगतात, आणि त्यात स्वतःला हुशार म्हणवून घेतात, म्हणून मला जास्त राग.

भर पावसाळा. एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा दोन मजली केक करायचा होता. मी मिश्रण तयार करून ओव्हनचं दार उघडलं तर आत पाण्याची मोटर! म्हणजे तिचा पोटातला भाग, तांब्याच्या तारा गुंडाळलेला, वर ओलं वार्निश.

"अहो, हे काय आहे?"

"वाइंडिंग हाय. चार दिस झाले, पाऊस उघडंना, वार्निश वाळंना. गिऱ्हाईक बोंबलालंय. तुझा ओव्हन मोकळाच होता की."

"मी यात लोकांच्या पोटात जायचं करते."

"मग मी काय माझ्या पोटात घालतोय?"

लिंबू, सोडा, गरम पाणी, सगळं करून मी दोन दिवस ओव्हन घासला. केक शेजारच्या गल्लीतल्या एका ताईंच्या घरी जाऊन, त्यांच्या छोट्या ओव्हनमध्ये चार तुकड्यांत भाजून आणला. शिवराजनी एकदाही "चुकलं" म्हटलं नाही. उलट पुढच्या आठवड्यात जेवताना हसत हसत सांगायला लागले, "ते मोटरवालं गिऱ्हाईक आलं होतं. म्हणलं, शिवराजभाऊ, काम एक नंबर झालं, पर मोटर गरम झाली की लई गोड वास येतोय."

ताटावरून उठून गेले मी. लोक म्हणतात, अन्नावर राग काढू नये. मग कशावर काढायचा, तेही लोकांनी सांगावं.

*

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पहिले चार महिने मला व्हॅनिलाचा वास आला तरी उलटी व्हायची. तरी नाकाला रुमाल बांधून ऑर्डरी पुऱ्या केल्या, कारण एकदा गिऱ्हाईक तुटलं की दुसऱ्या केकवालीकडं जातं. घरात कुणी म्हणालं नाही, की राहू दे. "बसून तर करायचं असतंय," असं मात्र सगळेच म्हणाले. केक बसून करतात हे मला तेव्हाच कळलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. सासूबाईंना हौस दांडगी. फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, पाच तऱ्हेचा भात, सगळं ठरवलं. आणि केक? "घरात केकवाली असताना बाहेरून कशाला?" म्हणजे माझ्या डोहाळजेवणाचा केक मी करायचा. पाय सुजलेले, कंबरेत कळा, आणि मी सकाळपासून क्रीमचे पाळणे काढत उभी. अंघोळ करून हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसले तेव्हा नखात निळा रंग तसाच होता.

ओटी भरताना एक लांबची चुलत सासू माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "नशीबवान हाईस बघ. सातव्या महिन्यात बी सासूनं तुला हौस करू दिली."

*

बाळंतपणाला नांदेडला गेले. मुलगा झाला. दवाखान्यात पेढे पोचले, फोनवर फोन, सासूबाई दुसऱ्या दिवशीच एसटीनं हजर. नर्सनं गौरीला उचलून पाळण्यातलं बाळ दाखवलं आणि विचारलं, "काय गं, भाऊ आवडला का?"

गौरी म्हणाली, "चांगलाय. पण आजी म्हणाली आता आई केक करणार नाही. मग याच्या वाढदिवसाला कुणाकडून आणायचा?"

माझं केकचं काम बंद झालं, हे मला असं कळलं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या बाळाची टोपी नीट करत होत्या. "आता पोरगा झाला," त्या म्हणाल्या, "आता कशाला ती उठाठेव? काय कमी हाय तुला?" टाके ताजे होते, नाहीतर मी तिथंच उठून बसले असते.

*

नांदेडला आमच्या घरी बाळ बघायला माणसं येत राहिली. कानात कापूस, डोक्याला फडकं, ताटात शेपू आणि डिंकाचे लाडू, अशा अवस्थेत मी पडलेली. एक काकू आल्या, बाळाच्या हातात टोपडं ठेवलं, "नाक आईवर गेलं," म्हणून तोंड वाकडं केलं आणि लगेच म्हणाल्या, "अगं, आमच्या लग्नाचा वाढदिवस आलाय. एखादा केक करून दे की. तशी पडूनच हाईस."

मम्मी लगबगीनं म्हणाली, "करंल की, करंल, जरा उठू द्या." आपलीच आई! मी त्या काकूंना चहासुद्धा विचारला नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

*

आता खरा घाव. बाळ महिन्याचं झालं असेल. शिवराजनी व्हिडिओ कॉल केला. स्वयंपाकघरात उभे राहून बोलत होते आणि त्यांच्या मागं जिथं माझा ओव्हन असतो तिथं ज्वारीचं पोतं उभं होतं.

"ओव्हन कुठंय?"

"बाळ झोपलंय का?"

"अहो, ओव्हन कुठंय?"

"हाय ना."

"कुठं हाय?"

"ताईकडं," ते म्हणाले. "निलंग्याला."

ताई म्हणजे महानंदाताई, माझी मोठी नणंद. माहेरपणाला आल्या, ओव्हन बघितला, "शुभांगीला आता कुठं वेळ मिळणार, पडून पडून खराब होईल," म्हणाल्या. सासूबाई "घेऊन जा" म्हणाल्या, आणि शिवराजनी तो स्वतः उचलून जीपमध्ये ठेवला. मला कुणी विचारलं नाही. मी काही मेले नव्हते, नांदेडला होते, हातात फोन होता.

त्या दिवशी मी इतकी रडले की बाळ दूध पिईना. मला ओव्हनचं लोखंड नको होतं. सकाळी उठून माझ्या नावानं कुणीतरी फोन करावा, "मॅडम, अर्धा किलो चॉकलेट मिळेल का," असं विचारावं, ते मला हवं होतं. दुसरं कोण मला मॅडम म्हणतं? मम्मी म्हणाली, "नणंदेला दिला तर दिला. एका ओव्हनपायी नातं तोडू नको." नातं तोडायची भीती सगळ्यांना मलाच दाखवायची असते. ओव्हन उचलताना ती कुणाला वाटली नाही.

*

त्यानंतर आठ दिवसांनी महानंदाताईंचा आवाजी मेसेज आला. मला वाटलं, लाज वाटून काही म्हणत असतील.

"शुभांगी, लई कामाची वस्तू हाय गं. शेंगदाणे काय खमंग भाजतेत! एका टायमाला दोन किलो. पापड बी भाजून बघितले. परवा पोराचे कॅनव्हासचे बूट वाळवले, टणटणीत झाले."

मी तो मेसेज तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा गौरी शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, बूट बिनअंड्याचे असतात का?"

*

बारसं लातूरला ठरलं, गच्चीवर मांडव घालून. आधी आठ दिवस सासूबाईंचा फोन. सगळी तयारी सांगितली, आचारी, पाळणा, आहेर, आणि शेवटी म्हणाल्या, "केक तूच कर बरं का. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, सुनंच्या हातचा केक म्हून. बाहेरचा आणला तर लोक शेण घालतील तोंडात."

मी वाट बघत राहिले. आता म्हणतील, अरे हो, ओव्हन नाही की घरात. आता आठवेल. त्यांना आठवलं नाही. त्यांच्या लेखी केक माझ्या हातातून निघत होता, जशी भाकरी तव्यावरून निघते. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. शिवराजनाही आठवलं नाही. घरी पोचल्यावर मी त्या ज्वारीच्या पोत्यासमोर उभी राहून विचारलं, "केकचं कसं करायचं?" ते म्हणाले, "तुझं तू बघ की, त्यातलं मला काय कळतंय?"

मग मीही काही बघितलं नाही. मेंदी लावून घेतली.

बारशाला गच्ची भरली. निलंग्याहून महानंदाताई सासरच्या सगळ्या लवाजम्यासह आल्या, त्यांच्या सासूबाई पुढच्याच खुर्चीवर. आमच्यात नाव आत्या ठेवते. ताई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात "कुर्र" केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणं आम्ही बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. माझा धपाटा किती जोरात बसला ते विचारू नका. त्या ओय करून वळल्या तेव्हा मी बाळाकडं बघत होते.

पाळणा म्हणून झाला. मग सासूबाईंनी मांडवाच्या मधोमध टेबल मांडायला लावलं, त्यावर जरीचं कापड टाकलं, सुरी ठेवली. सगळ्यांनी मोबाइल वर केले. निलंग्याच्या विहीणबाई चष्मा पुसून पुढं सरकल्या.

"शुभांगी," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आण बाई आता केक. कुठंय?"

"ओव्हनमध्ये," मी म्हणाले.

"आजून ओव्हनमध्येच? मग काढ की लवकर. माणसं थांबलीत."

"मला कसा काढता येईल, आई? ओव्हन महानंदाताईंकडं आहे. निलंग्याला."

वर केलेले मोबाइल एकेक करून खाली आले. शिवराज मांडवाचा खांब धरून उभे होते.

मग निलंग्याच्या विहीणबाई आपल्या सुनेकडं वळल्या आणि म्हणाल्या, "का गं महानंदा, तू तर म्हणली होतीस, पोरगा झाल्याच्या आनंदात भावानं नवा घेऊन दिला म्हून?"