प्रौढांसाठी राखीव गणपती

गणपतीचं दर्शन घ्यायला वयाचा दाखला लागतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. भाचीने फोनवर लिंक पाठवली होती. उघडली तर एक राखाडी चौकोन, त्यात काट मारलेल्या डोळ्याचं चिन्ह आणि खाली सूचना: ही कलाकृती काही प्रेक्षकांना अस्वस्थ करू शकते, पुढे जाण्यासाठी जन्मतारीख भरा. मी भरली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मला पुरेसा निर्ढावलेला समजून आत सोडलं. आत गणपती बसला होता.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, यांचा लालबागला मूर्तींचा कारखाना आहे. भाची तिथे प्लास्टरच्या धुळीतच वाढली. मूर्ती घडताना ती जलरंगात चित्रं काढते. आधी पांढरी मूर्ती, मग बॉडी कलर, मग सोवळं, दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. बॉडी कलर मारला की सोवळं रंगवेपर्यंत देव आपादमस्तक कातडीच्या रंगाचा असतो. लालबागच्या पोराबाळांनी तो तसा जन्मभर पाहिलेला आहे. त्याने अस्वस्थ झालेलं माझ्या पाहण्यात कुणी नाही. अस्वस्थ होतात ती तारीख जवळ आलेली मंडळं, तीही सोवळं अजून का रंगवलं नाही म्हणून.

तर ही चित्रं तिने जगभरचे चित्रकार जिथे आपली कामं टाकतात अशा एका साइटवर टाकली होती. हौस म्हणून नव्हे. फोर्टातल्या एका गॅलरीने नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी तिच्या पानाची लिंक मागितली होती. भावोजींनी तिला सांगून ठेवलं होतं की एका तरी बऱ्या जागी चित्र लागलं तर कर तुझं तू, नाहीतर सीझन संपला की परळच्या हॉस्पिटलात काउंटरवर बसायचं. तिथे त्यांच्या ओळखीचा माणूस होता. मुंबईत चित्रकलेचं पर्यवसान बहुधा कुठल्या तरी काउंटरवर होतं, त्यामुळे धमकीत दम होता.

त्या साइटवर मी जरा फिरून आलो. तलवारी घेतलेल्या बायका होत्या, त्यांची चिलखतं कमालीच्या काटकसरीने बनवलेली. मुंडकी उडत होती. यातलं काहीच राखाडी नव्हतं. भाचीचं म्हणणं, यंत्र कातडीचा रंग मोजतं आणि या बायका निळ्या-हिरव्या असल्यामुळे सुटतात. तिच्या मैत्रिणीने गणपतीही निळा कर म्हणून सुचवलं. ते ऐकून भावोजींनी स्प्रे गन खाली ठेवली.

"निळो करून मगे कृष्ण म्हणान इकूया काय? गणपतीचा पोट बघून कोण बिघडतलो गो?"

पोटावर त्यांचा फार जीव. सोंडेला, मुकुटाला कुणीही हात लावावा, पण पोटाचा गोल ते स्वतः घासतात आणि तो साधला की दिवसभर कुणावर खेकसत नाहीत. यंत्राने नेमका तोच गोल झाकला होता.

मी साइटकडे दाद मागितली. माझ्या इंग्रजीवर माझा भारी विश्वास. मंदिरशिल्पांपासून सुरुवात करून मी बरंच काही लिहिलं. आमच्या तज्ज्ञांनी आपल्या तक्रारीचा काळजीपूर्वक विचार केला आहे, असं उत्तर आलं तेव्हा माझा चहा गार व्हायचा होता. निर्णय कायम. गणपतीला हे डोकं कसं मिळालं ती कथा मी अर्जात लिहिली नाही हे बरंच केलं, नाहीतर हिंसाचाराचं कलमही लागलं असतं.

त्यात दुसरे पहारेकरी आले. चित्रातली मूर्ती काळाचौकीच्या एका मंडळाची होती. पडदा उघडायच्या दिवसापर्यंत तिचं तोंड कुणाला दिसता कामा नये, हा तिथला नियम. अध्यक्षांच्या अंगावर शाल बारा महिने असते, सत्कार कधी अंगावर येईल सांगता येत नाही. ते कारखान्यात आले, पोटाकडे बघितलंही नाही, आणि भाचीला म्हणाले, "तोंड दिसतंय पोरी चित्रात. पब्लिकला आधीच तोंड दाखवलं तर आम्ही पडदा कशाला लावायचा?"

तिने बिचारीने चित्र नव्याने काढलं. कारखान्यात खरोखर असतो तसा मूर्तीच्या तोंडावर टॉवेल गुंडाळलेला. ते साइटवर चढवलं. आता यंत्राला काय दिसलं असेल? लोडाला टेकून ऐसपैस बसलेला, कातडीच्या रंगाचा, भरल्या अंगाचा कुणीतरी, आणि चेहरा लपवलेला. तिचं अख्खं पान राखाडी झालं. शाडूच्या गोळ्यांचं चित्रसुद्धा अठरा वर्षांवरच्यांसाठी राखीव.

"मंडळ म्हणतं तोंड झाका, साइट म्हणते अंग झाका," भाची म्हणाली. "राहिला उंदीर, मामा."

गॅलरीच्या बाईंना लिंकवर राखाडी चौकोनच दिसले असणार, तेव्हा आता नकार येणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण बोलावणं आलं. मी सोबत गेलो. आतल्या भिंती इतक्या पांढऱ्या की पाणी मागायचीही भीती वाटावी. बाई खुशीत होत्या. जन्मतारीख त्यांनी भरलीच नव्हती. तो राखाडी चौकोनच त्यांना आवडला होता. तो सूचनेसकट छापून पाच फुटी चौकटीत लावायचा, शेजारी देवाचा देह आणि यंत्राची नजर यावर दोन परिच्छेद, ते त्या स्वतः लिहिणार. भाचीने मूळ चित्रं पिशवीतून काढली. बाईंनी ती पाहिली, म्हणजे त्यांच्यावरून नजर फिरवली.

"छान आहेत. पण ही लावली तर ती नुसती चित्रंच होतील."

"मग चौकोनात मी काय केलंय?" भाचीने विचारलं.

"तू अ‍ॅब्सेन्स उभा केलास."

तिने हो म्हटलं असतं तर काउंटर टळला असता. भावोजींची अट फक्त चित्र लागण्याची होती, काय लागतं ते त्यांनी कुठे विचारलं होतं? मी तिला हळूच तसं सुचवलंदेखील. ती चित्रं पिशवीत भरत बाईंना म्हणाली की चौकोन साइटचा आहे, त्यांनाच विचारा, आणि बाहेर पडली. बाईंना हे फारच आवडलं. नकारही प्रदर्शनात घेता येईल का याचा त्या विचार करू लागल्या होत्या, तेवढ्यात मीही निघालो.

कारखान्यात तिने सगळं सरळ सांगितलं. भावोजींनी ऐकून घेतलं.

"म्हणजे चित्र नाय, रिकामी फळी लावतले?"

"हो."

पहिलं चित्र, तोंडासकटचं, भावोजींनी मागून घेतलं आणि कारखान्याच्या तोंडाशी, बुकिंगला येणारे बसतात तिथे, ताडपत्रीच्या बांबूला खिळा मारून टांगलं. मंडळाचा पडदा तोवर उघडून झाला होता, त्यामुळे नियमाचाही प्रश्न नव्हता. सूचना नाही, जन्मतारीख नाही.

विसर्जन आटोपल्यावर अध्यक्ष उरलेला हिशेब मिटवायला आले. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. बराच वेळ ते पोटाकडे बघत राहिले.

"हे कुठलं हो? पुढच्या वर्षी आपल्याला असं पोट पाहिजे."

"ह्या तुमचाच," भावोजी म्हणाले. "परवा बुडवलास ता."

अध्यक्षांनी शाल सारखी केली आणि चित्र कुणी काढलं म्हणून विचारलं. भाची आत साचे धूत होती. भावोजींनी तिला हाक मारली नाही, नुसता हात तिकडे केला. अध्यक्ष गेल्यावर त्यांनी हॉस्पिटलातल्या त्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि पोरगी सध्या कामात आहे एवढंच सांगितलं.